उघडी दारे, बंद वेस



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने काहीतरी उपयोगाचे बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज तुम्हांला अशा एका नगरात नेणार आहे, की जिथे जायला आगगाडी नाही, जहाज नाही आणि विमानही नाही. कारण ते नगर कधी वसलेच नाही. त्याचे नाव अमॉरोट. यूटोपिया नावाच्या बेटाची ती राजधानी. सर टॉमस मोर या इंग्रज गृहस्थाने ती १५१६ साली लॅटिन भाषेत, कागदावर वसवली.

नसलेल्या नगराची चौकशी करण्यात आपली संध्याकाळ का घालवावी, असे कोणी विचारील. त्याला माझे पहिले उत्तर थोडे स्वार्थी आहे. जगातील यच्चयावत कल्पित नगरांमध्ये व्याख्यानांचा खरा मान राखणारे नगर म्हणजे अमॉरोट! तिथे रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, सार्वजनिक व्याख्याने होतात. विद्याव्यासंगासाठी निवडलेल्यांना हजेरी सक्तीची. इतरांवर कसलीही सक्ती नाही. तरीही सुतार, लोहार, विणकर, बायका, पुरुष झुंडीने येतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा त्यांनी निदान वेळ संध्याकाळची ठेवली. पहाटेची ठेवली असती तर आज या मांडवात किती जण दिसले असते, याचा अंदाज मी करीत नाही. दुसरे उत्तर गंभीर आहे, ते मी शेवटाकडे देईन.

प्रथम नगर बांधणाऱ्याची ओळख करून घेऊ. मोरचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. पेशाने तो वकील. १५१० पासून लंडन शहराचा अंडरशेरीफ, म्हणजे शहराच्या न्यायकामातील एक अधिकारी. रोज त्याच्यासमोर चोर येत, कर्जदार येत, रस्त्यावर आलेली माणसे येत. इंग्लंडात तेव्हा लोकरीला भाव आला होता. जमीनदारांनी शेते मोडून कुंपणे घातली, मेंढरांसाठी कुरणे केली, आणि कुळे देशोधडीला लागली. हाताला काम नाही म्हणून माणूस चोरी करी, आणि चोरीला शिक्षा एकच, फाशी. मोरच्या पुस्तकात एक कायदेपंडित मोठ्या फुशारकीने सांगतो की, एकेका वधस्तंभावर कधी कधी वीस-वीस चोर लटकवतात. आणि पुढच्याच वाक्यात त्याला नवल वाटते की, तरीही देशात इतके चोर कसे उरतात!

१५१५ साली मोर व्यापारी तहाच्या बोलण्यांसाठी फ्लँडर्समध्ये गेला. बोलणी रेंगाळली, हाती वेळ आला, आणि अँटवर्प शहरी त्याने या बेटाचे वर्णन लिहायला घेतले. पुस्तकात ते वर्णन राफेल हिथलोडे नावाच्या एका प्रवाशाच्या तोंडी आहे. हा राफेल म्हणे अमेरिगो व्हेस्पुचीबरोबर समुद्रपर्यटन करून आलेला. आता गंमत पाहा. हिथलोडे या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ साधारण ‘थापाड्या’ असा होतो. यूटोपिया म्हणजे ‘नसलेले ठिकाण’. अमॉरोट म्हणजे ‘धूसर’, आणि त्याच्या काठच्या नदीचे नाव अनायड्रस, म्हणजे ‘पाणी नसलेली’. लेखकाने सर्व दारांवर पाट्या लावून ठेवल्या आहेत की, आत काही नाही. ज्याला ग्रीक येते त्याने हसावे, आणि ज्याला येत नाही त्याने चकित व्हावे!

चला तर त्या धूसर नगरात. बेटावर एकंदर चोपन्न नगरे आहेत. भाषा एक, कायदे एक, बांधणीही जवळजवळ एकच. एक पाहिले की सर्व पाहिली. अमॉरोट एका टेकडीच्या उतारावर वसले आहे, आकार जवळजवळ चौरस. नदीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. नदीवर दगडी कमानींचा पूल आहे. हे वाचताच कोणीही म्हणेल की, हे तर लंडन! लंडनची टेम्स नदी, लंडनचा दगडी पूल. पण एक फरक आहे, आणि तो फार बोलका आहे. लंडनचा पूल समुद्राकडच्या बाजूला होता, त्यामुळे मोठ्या जहाजांची वाट तिथेच अडे. अमॉरोटचा पूल शहराच्या वरच्या टोकाला, समुद्रापासून सर्वांत लांब घातलेला. म्हणजे जहाजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुखाने लागावीत. मोरने स्वतःचे शहर घेतले आणि त्यातील रोजची एक अडचण कागदावर दूर केली. दुसरी एक लहान नदी टेकडीतून निघून शहरातून वाहते. तिचा उगम तटात घेतलेला आहे, शत्रूने पाणी तोडू नये म्हणून. तिथून भाजलेल्या मातीच्या नळांनी खालच्या वस्तीला पाणी जाते. जिथे नळ पोचत नाहीत तिथे पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. कल्पनेचे नगर बांधतानाही या माणसाने आधी पाण्याचा विचार केला, ही गोष्ट आपल्या नगरपालिकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

रस्ते वीस फूट रुंद. घरे तीन मजली, ओळीने एकाला एक लागून. प्रत्येक घराचे एक दार रस्त्याकडे, दुसरे परसाकडे. परसात बाग, द्राक्षे, फळझाडे, फुले. कोणत्या आळीची बाग चांगली यावरून आळ्या-आळ्यांत चुरस चालते. आणि दारे कशी? दोन फळ्यांची; हाताने ढकलली की उघडतात, सोडली की आपोआप मिटतात. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. ज्याला यायचे त्याने आत यावे, कारण आत कोणाचे खाजगी असे काही नाहीच. दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलतात. आपल्याकडे भाडेकरू एकदा शिरला की तीन पिढ्या हलत नाही. तिथे मालकच उरला नाही, मग तंटा कोणाशी?

नगराच्या चार सारख्या पेठा आहेत. प्रत्येक पेठेच्या मध्यावर बाजार. मात्र हा बाजार म्हणजे कोठार होय. घरोघर तयार झालेला माल तिथे जमा होतो, आणि कुटुंबप्रमुख येऊन लागेल ते, लागेल तितके घेऊन जातो. पैसा नाही, हिशेबवही नाही. मग लोक जास्त नेत नाहीत काय? मोरचे उत्तर असे की, उद्या मिळणार नाही ही भीती माणसाला हावरा करते. ती भीती गेली की हाव कशासाठी? माणसात भीतीखेरीज बडेजावही असतो, हे तो मान्य करतो. पण अमॉरोटमध्ये त्या बडेजावाला जागाच ठेवलेली नाही. सर्वांचा पोशाख एका तऱ्हेचा, लोकरीच्या मूळ रंगाचा. कामाचा चामडी पोशाख तर सात-सात वर्षे टिकतो.

आता कारभार. नगरात सहा हजार कुटुंबे. दर तीस कुटुंबे वर्षाला एक मुखिया निवडतात; त्याला सायफोग्रँट म्हणतात. म्हणजे मुखिये दोनशे. दहा मुखियांवर एक वरिष्ठ, ट्रॅनिबोर. चारही पेठा आपापल्या पसंतीचा एकेक उमेदवार सुचवतात, आणि हे दोनशे मुखिये शपथ घेऊन गुप्त मतदानाने त्या चौघांतून एकाला नगराचा अधिपती निवडतात. तो तहहयात राहतो. पण तो जुलमी होऊ पाहतो आहे असा संशय आला तर त्याला काढता येते. इंग्लंडात आठवा हेन्री गादीवर असताना एका वकिलाने हे लिहिले, हे विसरू नका.

त्यांच्या सभेचा एक नियम मला फार आवडतो. जो प्रश्न ज्या दिवशी मांडला, त्या दिवशी त्यावर चर्चा करायची नाही. पुढच्या बैठकीत करायची. कारण काय? माणूस ऐन वेळी जे तोंडाला येईल ते बोलून जातो, आणि मग गावाचे हित कशात आहे हे पाहण्याऐवजी, आपण बोललो तेच खरे हे सिद्ध करण्यात सारी बुद्धी खर्च करतो. असा नियम आपल्या सभांना लावला तर निम्मी भाषणे वाचतील. पण त्याला लागूनच दुसरा नियम आहे, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. सभेबाहेर किंवा लोकसभेबाहेर सार्वजनिक कारभाराची खलबते करणाऱ्याला देहान्त शिक्षा! उद्देश कट टाळण्याचा. पण म्हणजे चावडीवरच्या चार माणसांनीही जपूनच बोलायचे.

कामाचे तास दिवसाला सहा. तीन दुपारी जेवणाआधी, मग जेवण, दोन तास विश्रांती, पुन्हा तीन. पाचशे वर्षांपूर्वी, जेव्हा मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होता, तेव्हा मोरने हा हिशेब मांडला. त्याचे म्हणणे सरळ आहे : बसून खाणारे सरदार, त्यांचे भालदार-चोपदार, धडधाकट भिकारी आणि निरुपयोगी चैनीच्या वस्तू करणारे कारागीर, हे सगळे उपयोगी कामाला लागले तर सहा तास पुरून उरतात. शेतीचे काम सर्वांना यावे लागते, शिवाय एक धंदा प्रत्येकाने शिकायचा. रात्रीच्या जेवणानंतर तासभर करमणूक; उन्हाळ्यात बागेत, हिवाळ्यात भोजनगृहात. संगीत किंवा गप्पा. फासे माहीतच नाहीत.

सोन्याची हकीकत तर तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. या लोकांकडे सोने अमाप आहे, पण ते राखायचे परराष्ट्रांशी युद्धप्रसंग आला तर. लोकांना त्याचा मोह पडू नये म्हणून सोन्यारुप्याची त्यांनी मूत्रपात्रे केली आणि गुलामांच्या बेड्या केल्या. एकदा दूर देशाचे वकील अंगभर सोने घालून, गळ्यात साखळ्या लटकवून वाजतगाजत आले. अमॉरोटच्या लोकांनी त्यांच्या साध्या नोकरांनाच वकील समजून मुजरे केले, आणि खऱ्या वकिलांना गुलाम समजून वाट सोडली. हिरेमोत्यांनी मढलेल्या एका वकिलाकडे बोट दाखवून एक पोर आईला सांगू लागले की, हा एवढा घोडा झाला तरी लहान मुलासारखे मणी घालतो; तेव्हा आईने त्याला गप्प केले आणि हा वकिलांबरोबर आलेला विदूषक असावा, असा खुलासा केला!

येथवर आपण हसलो. पण श्रोतेहो, या गोष्टीतील एक शब्द आपण हसता हसता ओलांडून आलो. बेड्या. सोने कशाला वापरले? गुलामांच्या बेड्यांना. म्हणजे या नगरात गुलाम आहेत. ज्या नगरात दाराला कडी नाही, त्या नगरात माणसाच्या पायाला कडी आहे. हे गुलाम कोण आहेत आणि काय करतात, हे पाहण्यासाठी आपल्याला वेशीबाहेर जावे लागेल.

अमॉरोटच्या तटाबाहेर, अगदी लगत, दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे रुग्णालये. चार, एकेक इतके मोठे, की लहानसे गावच वाटावे. हवा मोकळी, जागा ऐसपैस, वैद्य कुशल. बाजारातील उत्तम अन्न आधी रुग्णांकडे जाते, मग उरलेले सर्व भोजनगृहांत वाटले जाते. कोणाला तिथे सक्तीने पाठवत नाहीत, पण आजारी पडल्यावर घरी राहण्यापेक्षा तिथे जाणे बहुतेकांना बरे वाटते. हे वाचून मोरला नमस्कार करावासा वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खाटीकखाना. वाहत्या पाण्याकाठी जनावरे मारायची, धुवायची, आणि स्वच्छ मांस आत आणायचे. हे काम गुलाम करतात. नागरिकांना जनावर मारण्याची मनाई आहे. का? पशुहत्येच्या सवयीने माणसाच्या अंतःकरणातील दया हळूहळू मरते, म्हणून. पाहा, केवढा उदात्त विचार! नागरिकाची दया जपली पाहिजे. पण मांस तर रोज पानात पाहिजे. तेव्हा दया मारण्याचे काम दुसऱ्याला द्यायचे. मग त्या दुसऱ्याच्या दयेचे काय? त्याला अंतःकरण नव्हते काय? एवढ्या बुद्धिमान, एवढ्या कोमल मनाच्या लेखकाला हा प्रश्न पडत नाही. सार्वजनिक भोजनगृहांतील घाणीची आणि अंगमेहनतीची कामेही गुलामांकडे. सोन्याची ती मूत्रपात्रे रोज सकाळी कोण उचलीत असेल, याचे अनुमान करायला फार बुद्धी लागत नाही.

मोरच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याचे गुलाम जन्माने गुलाम नाहीत. गुलामाचे मूल गुलाम होत नाही. युद्धात सापडलेले लढवय्ये, घोर अपराध केलेले नागरिक, परदेशात देहान्त शिक्षा झालेले लोक, आणि आपल्या देशातील दारिद्र्यापेक्षा इथली चाकरी बरी म्हणून खुशीने आलेले मजूर, असे ते आहेत. या शेवटच्यांना चांगले वागवतात आणि ते जाऊ म्हणतील तर जाऊ देतात. ज्याच्या देशात कपडा चोरला तरी फाशी होती, त्या माणसाला फाशीऐवजी काम ही सुधारणा वाटली असेल. ती होतीही. पण सुधारणा म्हणजे न्याय नव्हे.

आणि वेशीची आणखी एक गोष्ट. नागरिकाला दुसऱ्या नगरात मित्राकडे जायचे असेल तर मुखियाची संमती आणि अधिपतीचे पत्र लागते. परतीचा दिवस त्यात नमूद असतो. परवान्याशिवाय आपल्या नगराच्या हद्दीबाहेर सापडला तर पळपुटा म्हणून अपमान आणि शिक्षा. दुसऱ्यांदा सापडला तर गुलामगिरी. घरे सताड उघडी. वेस मात्र बंद! दाराची कडी काढून ती मोरने वेशीला घातली.

पुढे काय झाले? १५२९ साली मोर इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. त्याने आपल्या बेटाला धर्मसहिष्णुतेचा कायदा दिला होता. प्रत्यक्षात त्याच्या अधिकाराच्या काळात पाखंडी ठरवलेली माणसे जिवंत जाळली गेली, आणि त्याने त्याचे समर्थन केले. पुढे राजा हेन्री चर्चचा प्रमुख होऊ लागला, तेव्हा मोरने अधिकारपद सोडले, पण मनाविरुद्ध शपथ घेतली नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. चारशे वर्षांनी, १९३५ साली, रोमन चर्चने त्याला संत ठरवले. असा हा माणूस. सत्त्वासाठी मान देणारा, आणि दुसऱ्याच्या सत्त्वाला आग लावताना न कचरणारा. त्याचे नगर त्याच्यासारखेच आहे.

आता एक दुसरे नगर. ते पाहायला परदेशी जायला नको. साधारण त्याच सुमारास, पंधराव्या-सोळाव्या शतकात, काशीत जोडे शिवणारा एक संत होता. रविदास. आपण त्यांना रोहिदास म्हणतो. त्यांचे बेगमपुऱ्याचे पद गुरू ग्रंथ साहिबात आहे. बेगम म्हणजे इथे राणी नव्हे. बे-गम, जिथे दुःख नाही ते गाव. मोरने नदीपासून नळापर्यंत सारे नगर आखले. रविदासांच्या नगरात रस्ते किती फूट रुंद, पेठा किती, मुखिया कोण, काही सांगितलेले नाही. त्यांनी थोड्याच गोष्टी सांगितल्या. तिथे दुःख नाही, कराची धास्ती नाही, भय नाही. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा कोणी नाही. आणि लोकांनी वाटेल तिथे हिंडावे. त्यांना कोणी अडवीत नाही.

दोन्ही नगरे शेजारी ठेवून पाहा. जो वेशीच्या आत जन्मला, त्याने घरे, बागा, सभा, पाणी, सगळ्याचा विचार केला आणि वेशीपाशी तो थांबला. जो वेशीबाहेरचा होता, त्याला आधी वेसच आठवली. ज्याला आयुष्यभर ‘इकडून नको, तिकडून जा’ असे सांगितले गेले, त्याच्या स्वर्गातले पहिले सुख म्हणजे कोणीही न अडवता रस्त्याने चालणे. आपल्या मराठीत तर ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आहे. तो उच्चारला की कोणाला काय म्हणायचे आहे ते सर्वांना कळते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीशी आहे, आत नाही.

आता ते दुसरे, गंभीर उत्तर. नसलेल्या नगराची चौकशी कशासाठी? अशासाठी की, असलेल्या नगरात आपण इतके सरावलेले असतो की त्याची वेस दिसत नाही. आपली गावे आता तटाबाहेर कधीच पसरली. पण गटार तुंबते तेव्हा आत कोण उतरतो? हाताने मैला साफ करवण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो अधिक कडक झाला. तरी गटारात गुदमरून माणूस मेल्याची बातमी वाचायला मिळतेच. ती वाचून आपल्याला वाईट वाटते. आपली दया शाबूत आहे. मोरच्या नागरिकांचीही शाबूत होती. ती तशी राहावी म्हणूनच तर सारी व्यवस्था होती.

तेव्हा कोणी आपल्यापुढे नव्या नगराचा आराखडा मांडला, मग तो पुस्तकातला असो की नगरपालिकेतला, तर रस्ते, बागा आणि इमारती जरूर पाहाव्या. पण एक प्रश्न न चुकता विचारावा : इथली घाण कोण उचलणार, आणि संध्याकाळी तो कोणत्या घरी परतणार? तो ज्या घरी परततो ते घर आपल्याच आळीत असेल, आणि त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावर बसत असेल, तर त्या नगराचे नाव काहीही असो, आपण तिथे राहायला जावे.

पुस्तकाच्या शेवटी मोर स्वतः म्हणतो की, या बेटावरच्या कित्येक गोष्टी आपल्या देशात याव्यात अशी इच्छा होते, आशा मात्र वाटत नाही. त्याची ती निराशा मी तुमच्या पदरात टाकून जाणार नाही. मोरचे सहा तासांचे काम तेव्हा वेडगळ वाटले होते. आज कामगाराला आठ तासांचा कायदा आहे. गुप्त मतदान आहे, सार्वजनिक रुग्णालये आहेत. कागदावरची पुष्कळशी पाने खरी झाली. वेशीचे पान तेवढे राहिले आहे, आणि ते मोरने लिहिलेलेच नसल्यामुळे आपल्याला लिहावे लागणार आहे.